आजार लपवू नका, हक्क सोडू नका



या सदरात आम्ही घरखर्च, आजारपण, मुलांचे शिक्षण अशा विषयांवर लिहितो. दाखले बहुधा दुसऱ्यांच्या घरचे असतात. आज मात्र दाखला आमच्याच घरचा आहे. आमच्या धाकट्या बहिणीने परवानगी दिली म्हणून लिहीत आहोत. ती म्हणाली, "दादा, लिही. माझ्यासारखी दुसरी कुणी फसायला नको."

बहीण घरीच शिलाईकाम करते. आमचे मेहुणे एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत कामाला आहेत. दोन मुले शाळेत जातात. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तिला उजव्या डोळ्याने अंधुक दिसू लागले. आठ-पंधरा दिवसांत नजर सुधारली आणि सगळे विसरून गेले. सहा महिन्यांनी पायांना मुंग्या आल्या, चालताना तोल जाऊ लागला. कुणी म्हणाले अशक्तपणा, कुणी म्हणाले वाऱ्याचा झटका, तर एका शेजारणीने बाहेरचे बघायला सांगितले. आम्ही बाहेरचे बघितले नाही, तिला मोठ्या दवाखान्यात नेले. मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी एम.आर.आय. काढला, पाठीच्या मणक्यातले पाणी तपासले आणि आजाराचे नाव सांगितले : मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एम.एस.

हा आजार समजून घ्या. विजेच्या तारेवर जसे रबरी वेष्टण असते, तसे आपल्या मज्जातंतूंवरही एक वेष्टण असते. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच चुकून मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या या वेष्टणावर हल्ला करते. मग मेंदूचे निरोप हातापायांपर्यंत, डोळ्यांपर्यंत नीट पोचत नाहीत. आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो. तो संसर्गजन्य नाही. पुष्कळ रुग्णांत तो झटक्याझटक्याने येतो, मध्ये बरे वाटते, पुन्हा येतो. पूर्ण बरा करणारे औषध नाही, पण झटके कमी करणारी औषधे आहेत. ती वर्षानुवर्षे घ्यावी लागतात.

निदानानंतर महिनाभराने बहिणीने आम्हांला बोलावून घेतले. समोर विम्याचा अर्ज होता. एजंट ओळखीचाच. त्याने सांगितले होते, "आजाराच्या सगळ्या रकान्यांत 'नाही' लिहू. कोण बघायला येतंय?" बहीण म्हणाली, "दादा, माझ्यानंतर पोरांचं काय? सही करू का?"

या प्रश्नाला उत्तर देताना आमचाही जीव खालीवर झाला. आई म्हणून तिचे म्हणणे खरे होते. पण आम्ही सांगितले, सही करू नकोस. का, ते आज सांगायचे आहे.

विमा हा विश्वासाचा करार आहे. अर्जात विचारलेल्या गोष्टीचे खरे उत्तर देणे हे आपले काम. अर्ज एजंटने भरला तरी सही आपली असते आणि जबाबदारीही आपलीच. आयुर्विम्यात कायदा असा आहे की पॉलिसीला तीन वर्षे पूर्ण होण्याआधी मृत्यू आला, तर कंपनी दवाखान्याचे जुने कागद काढू शकते आणि आजार लपवला म्हणून रक्कम नाकारू शकते. तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, असे विमा कायद्याचे कलम ४५ सांगते. एजंट मंडळी याच गोष्टीवर बोट ठेवतात. पण ही तीन वर्षे कुणाच्या हातात आहेत? हप्ते भरत राहायचे आणि रोज मनात धाकधूक बाळगायची, ही काही सुरक्षितता नव्हे.

आरोग्य विम्यात तर ही चोरी आणखी लवकर उघडी पडते. पहिल्यांदा दवाखान्यात दाखल झाले की डॉक्टर केसपेपरवर लिहितात : दोन वर्षांपासून एम.एस. तिथेच क्लेम अडतो. २०२४ च्या नियमांनुसार सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली तर माहिती दिली नाही म्हणून क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण नाही. मुद्दाम 'नाही' लिहिणे म्हणजे काय, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

मग बहिणीने खरे लिहिले. काय झाले? एका आयुर्विमा कंपनीने अर्ज नाकारला. दुसरीने कळवले की पुढची दोन वर्षे झटका आला नाही तर पुन्हा अर्ज करा. बहीण रडली. आम्हांलाही वाईट वाटले, खोटे कशाला सांगा. खरे बोलल्याचे बक्षीस लगेच मिळते असे नाही. पण त्या रात्री वही घेऊन बसलो आणि घरात कोणकोणते संरक्षण आधीच आहे, कोणते मिळू शकते, ते एकेक लिहून काढले. तेव्हा ध्यानात आले की आम्ही बंद दारावर डोके आपटत होतो आणि उघड्या दारांकडे पाहिलेच नव्हते.

पहिले दार कामगार विम्याचे, ज्याला आपण ई.एस.आय. म्हणतो. १९४३ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे सोपवले गेले, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. पुढे १९४८ च्या कायद्याने ही योजना उभी राहिली. तिचे मर्म असे की कामगाराला किंवा त्याच्या कुटुंबाला आधी कोणता आजार आहे, हे कुणी विचारत नाही. वैद्यकीय तपासणी नाही, आजारानुसार जादा हप्ता नाही. २०१९ पासून वर्गणी कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के अशी आहे. २०१७ पासून महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार तिच्यात येतात, दिव्यांग कामगारांसाठी ही मर्यादा २५ हजारांची आहे. पत्नी आणि मुलांनाही उपचार मिळतात. मोठ्या, विशेष उपचारांसाठी मात्र काही काळ वर्गणी भरलेली असावी लागते.

आमच्या मेहुण्यांच्या पगारातून वर्गणी कापली जात होती, पण त्यांनी कार्डच काढले नव्हते! कितीतरी घरांत हेच असेल. आजच पगाराची पावती बघा. विमा क्रमांक आहे का, त्यात पत्नीचे व मुलांचे नाव आहे का, ते तपासा. कंत्राटदाराने वर्गणी भरली नाही तर मूळ मालकाला जबाबदारी टाळता येत नाही, हे लक्षात ठेवा. आणि आजार खुद्द कामगारालाच असेल, तर आजारपणाच्या रजेत ठरावीक दिवस पगाराचा ७० टक्के भाग मिळतो, तोही मागून घ्या.

दुसरे दार सरकारी आरोग्य योजनेचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली झाली आणि आयुष्मान भारत योजनेशी जोडून संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत झाले. आधीपासूनचा आजार आहे म्हणून इथे कुणाला बाहेर काढत नाहीत. पण उपचार योजनेच्या यादीतला हवा आणि रुग्णालयही यादीतले हवे. रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. दाखल होण्याआधी त्यांना गाठा. रेशनकार्ड आणि ओळखपत्र बरोबर न्या.

तिसरे दार बँकेचे. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत १८ ते ५० वर्षे वयाच्या खातेदाराला वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा मिळतो आणि तो वयाच्या ५५ वर्षांपर्यंत चालू ठेवता येतो. त्यात वैद्यकीय तपासणी होत नाही. अर्जावर प्रकृतीविषयी काही लिहून घेतले असेल तर मात्र वाचूनच सही करा. पहिल्या ३० दिवसांत अपघाताखेरीज दुसऱ्या कारणाने मृत्यू आला तर रक्कम मिळत नाही. हप्ता मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून जातो, तेव्हा तेवढी शिल्लक ठेवा. दरवर्षी २० रुपयांची अपघात विमा योजनाही आहे. ती आजारासाठी नाही, पण अपघाताला २ लाखांचा आधार देते.

चौथी गोष्ट आम्हांला सर्वांत उशिरा सुचली. बहिणीच्या काळजीत मेहुण्यांच्या आयुष्याचा विमाच कुणी उतरवला नव्हता. घरात पगार आणणारा तो एकटा आणि प्रकृतीने ठणठणीत. त्याला काही झाले तर आजारी बायको आणि दोन मुले कुणाकडे बघणार? त्याच्या नावाने साधा मुदतीचा विमा घेतला. पैसे परत न मिळणारा असतो म्हणून लोक नाक मुरडतात, पण थोड्या हप्त्यात मोठे संरक्षण त्यातच असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जी.एस.टी. उठला आहे, तेवढाच हातभार.

आता खाजगी आरोग्य विम्याविषयी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता आहे आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्ट आहे. १९९५ च्या कायद्यात ते नव्हते. डिसेंबर २०२२ मध्ये एका दिव्यांग इसमाच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने दिव्यांगांसाठी आरोग्य विम्याच्या योजना काढायला लावल्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांना तसा हुकूम दिला. म्हणून दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवा. नुसत्या निदानावर भागत नाही, शरीराची हानी किती टक्के हे वैद्यकीय मंडळ ठरवते. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा अधिक लागते.

पॉलिसी हाती आली की दोन गोष्टी शोधा. एक, आधीच्या आजारासाठी थांबण्याचा काळ किती? २०२४ पासून तो ३६ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. दोन, एम.एस. कायमचा वगळला आहे का? २०१९ च्या नियमावलीत कायमचे वगळता येणाऱ्या आजारांच्या यादीत मज्जावेष्टणाचे आजार होते. असा शेरा असेल तर ती पॉलिसी एम.एस.साठी कामाची नाही, पण बाळंतपण, अपघात, ताप-मलेरियासाठी कामाची असू शकते. हिशेब करूनच ठरवा. पसंत नसेल तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते.

आणखी एक भ्रम दूर करू. एम.एस.चा बराच खर्च दवाखान्यात दाखल न होता होतो. रोजच्या गोळ्या, एम.आर.आय., व्यायामोपचार यांचे पैसे बहुतेक पॉलिसी देत नाहीत. तो खर्च वेगळा धरावा लागतो. आमची बहीण आजही त्यासाठी मशीनवर दोन तास जास्त बसते. मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही रुग्णांची संस्था काम करते. अशा ठिकाणी दुसऱ्या रुग्णांच्या अनुभवातून पुष्कळ कळते.

अर्ज किंवा क्लेम नाकारला तर तोंडी उत्तर घेऊ नका, कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जा. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुण्यात आहेत. ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे ते ऐकतात, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत मात्र जायला हवे. आणि हे लोकपालाचे दार त्यालाच उपयोगी पडते, ज्याने अर्जात खरे लिहिलेले असते. कागद खोटा असेल तर तिथे मान वर करून बोलता येत नाही.

माता-भगिनींनो, आजार हा गुन्हा नाही आणि लाजही नाही. एकट्याने बाजारात विमा विकत घ्यायला गेलो तर आजारी माणसाची किंमत कमी ठरते. जिथे सगळ्यांची वर्गणी एकत्र असते तिथे कुणी आजार विचारत नाही. म्हणून आधी सर्वांच्या वर्गणीतला आपला हक्क घ्या, मग बाजाराकडे वळा.

आमच्या बहिणीने ट्रंकेत एक फाईल ठेवली आहे. निदानाचा कागद, एम.आर.आय.चा अहवाल, ई.एस.आय. कार्ड, बँकेची पावती, मेहुण्यांची पॉलिसी, आणि अर्ज नाकारल्याचे ते पत्रसुद्धा. दोन्ही मुलांना तिने फाईल दाखवून ठेवली आहे. दोन वर्षे पुढच्या दिवाळीत पुरी होतील. तोवर झटका आला नाही तर ती पुन्हा अर्ज करणार आहे. त्या अर्जातही ती खरेच लिहिणार आहे.

जयभीम.