‘मेल पाठवला’ म्हणून हात झटकू नका

प्रवेश, शिष्यवृत्ती आणि परीक्षांची संकेतस्थळे चालवणाऱ्या अधिकाऱ्यांस व तंत्रज्ञांस,



फॉर्मची मुदत संपत आली की लातूरच्या ट्यूशन एरियात काय आणि नांदेडच्या भाग्यनगरात काय, नेट कॅफेत एकच तक्रार असते: “पासवर्ड रिसेटला टाकलंय, पण मेलच येईना!” तुमचं संकेतस्थळ मात्र हिरव्या अक्षरांत ‘मेल पाठवला आहे, स्पॅम तपासा’ असं सांगून मोकळं होतं. पोरांनी स्पॅम तपासलंय. आता तुम्ही सर्व्हरचा लॉग तपासा.

पत्र पेटीत टाकलं म्हणजे पोहोचलं, असं कोणी मानत नाही. मेलचंही तसंच: तो रांगेत अडकला असेल, किंवा समोरच्या सर्व्हरने परत पाठवला असेल. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल खात्यांवर रोज 5,000 हून जास्त मेल पाठवणाऱ्यांकडे जीमेल एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरंच त्यांच्याकडूनच आल्याचं पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी मागतं. प्रवेशाच्या दिवसांत तुम्ही हा आकडा ओलांडत असालच. नोंदी ठीक आहेत ना? मेल उशिरा आला की पोरगं पुन्हा बटण दाबतं; नव्या लिंकमुळे जुनी बाद होते आणि ते नेमकी जुनीच उघडतं. तिथे नुसतं ‘लिंक अवैध’ लिहून काय कळणार? ‘यानंतरचा मेल उघडा’ असं लिहा की.

खरा गुंता पुढेच आहे. मुखेड किंवा अहमदपूरकडच्या खेड्यातल्या मुलीचं खातं गावच्या कॅफेवाल्याने उघडलेलं असतं आणि ईमेलच्या रकान्यात त्याचाच पत्ता असतो. मेल वेळेवर पोहोचतो, पण त्याच्याकडे. आणि मुलगी असते लातूरच्या होस्टेलवर. लॉगिन नसलेल्याला पत्ता दाखवू नये, हे मान्य. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे. मग ती लॉगिन झालेली असतानाच विचारा ना, ‘हा ईमेल आणि मोबाइल तुमचाच आहे का?’ आणि बदलायची सोय तिथेच द्या. पासवर्ड विसरल्यावर ओळखपत्रावरून पत्ता बदलून देणारा माणूसही हवा. हेल्पलाइनवाल्याला मेल गेला, थांबला की परत आला, एवढं तरी दिसू द्या. नाहीतर तोही स्पॅमच तपासायला सांगतो.

फॉर्म सुरू होण्याआधी जीमेल, याहू अशा वेगवेगळ्या खात्यांवर रिसेट मागून बघा. आणि ऐन मुदतीत मेल अडकले, तर अडकलेल्यांना तेवढे दिवस वाढवून द्या.

आपला,
लातूरचा एक पालक