मान आणि मत

आमच्या पेढ्यांवर वडीलधाऱ्यांचा मान राखला जातो, हे खरे. पण मत घेतले जाते काय? बीदर-कलबुर्गीकडील अडतीवर शेतकरी तुरीचा भाव आजोबांना विचारतो आणि उत्तर, बहुधा घाईचे, नातू देतो. यात दुष्ट हेतू कोणाचाच नाही. म्हणूनच ते ध्यानात येत नाही. २०१७ चा वस्तू व सेवा कर त्यांना समजणार नाही, असे आम्ही गृहीत धरतो. ज्यांनी हाली-कलदाराचा वटाव तोंडी केला, १९५७ साली आण्यांवरून नव्या पैशांवर आणि पाठोपाठ मण-शेरांवरून किलोवर दुकान आणले, तेच हे नव्वदीच्या घरातील लोक! संगणकावरील हिशेब त्यांना दाखविण्याइतकी सवड आम्हांस नसावी? यंदाच्या सभेत शाल-श्रीफळ देण्यापूर्वी ठरावाचा मसुदा त्यांच्यापुढे ठेवावा, असे आम्ही सुचवितो.