ट्रॉलीचा टायर हा एकट्या ट्रॅक्टरवाल्याचा प्रश्न नाही

मंडळी, दसरा जवळ आला. वाहतुकीचे करार होऊन उचल हातात पडलीय आणि ट्रॉल्या चिंचेखालून बाहेर निघायला लागल्यात. येत्या पंधरा-वीस दिवसांत टायरच्या दुकानांत गर्दी होईल, म्हणून आत्ताच लिहितोय. जानेवारीत लिहून उपयोग नसतो. तेव्हा चौकात फक्त श्रद्धांजलीचे बोर्ड लागलेले असतात.

मागच्या हंगामात माझ्याच मागच्या ट्रॉलीचा उजवा टायर रात्री साडेअकराला भर रस्त्यात फुटला. ट्रॉली कलली, ऊस रस्त्यावर आला. ड्रायव्हर दगड लावायला उतरतोय तोवर मागून आलेलं मोटारसायकलवालं पोरगं त्या ढिगात शिरलं. जीव वाचला, पण मांडीचं हाड मोडून चार महिने अंथरुणात होतं. तो टायर मीच आणलेला होता. ट्रकवरून उतरवलेला, आतून गेटर मारलेला. लोक म्हणाले, "नशिबाचा खेळ आहे, तू काय करणार?" नशिबाचा कसला खेळ? पैसे वाचवायला मी तो टायर घेतला होता.

आपल्याकडं ट्रॉलीला टायर घ्यायचा म्हणजे काय करतो आपण? ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरला नवी जोडी, त्यात कुणी कंजूषी करत नाही, कारण चाक फिरलं नाही तर ट्रॅक्टर जागचा हलत नाही. ट्रॉली मागं ओढली जाते, मग तिला चालतंय ते. ट्रकवाल्यानं गोटा झाला म्हणून काढून टाकलेला टायर आपण आणतो. फार तर रिमोल्ड, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेला. आणि म्हणतो, "ट्रकवर साठ-सत्तरच्या स्पीडला पळलाय, आपण वीसनं चालवणार, काय होतंय त्याला?"

यात थोडं खरं आहे, ते आधी कबूल करतो. स्पीड कमी असला की टायर जास्त भार सोसतो. पण तो सांगाडा धड असेल आणि हवा पुरेशी असेल तर. टायर फुटतो तो बहुतेक वेळा खिळ्यानं नाही, तापल्यानं. हवा कमी आणि भार जास्त असला की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते. त्यातून आत उष्णता साठते, रबर आणि दोऱ्याचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात आणि एका खड्ड्याला सगळं संपतं. आणि ज्याचे थर आधीच ट्रकवर थकलेत, त्याच्यावर आपण दुप्पट ऊस रचतो.

आता घ्यायला जाल तेव्हा एवढं बघा.

टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकोनात असतात. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलाय. नक्षी कितीही छान दिसली तरी आधी वय बघा, कारण रबर उन्हानंही म्हातारं होतं. बाजूला बारीक भेगांचं जाळं दिसलं की हात जोडून परत फिरा.

भाराचा आकडा वाचा. १४० लिहिलं असेल तर तो टायर, त्यावर लिहिलेल्या स्पीडला, २५०० किलो पेलतो. चार चाकांचे झाले दहा टन. पण त्यात ट्रॉलीचं स्वतःचं लोखंड धरायचं असतं. ते दोन टन धरलं तर उसाला उरले आठ. आपण किती भरतो ते काट्याच्या पावतीवर बघा, मी इथं लिहीत नाही. आणि हा हिशोब नव्या टायरचा, पूर्ण हवेचा.

एका आसाला दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे. एकीकडं रेडियल आणि दुसरीकडं साधा नायलॉन अशी मोट बांधू नका. रिमोल्ड घेणार असाल तर ओळखीच्या ठिकाणी सांगाडा आतून बघून घ्या. मी रिमोल्डच्या विरोधात नाही, चांगल्या सांगाड्यावरचा रिमोल्ड नीट चालतो. गेटर मारलेला मात्र घेऊ नका. टायर नवा आणि ट्यूब, फ्लॅप जुने, असंही करू नका. आणि हंगाम संपला की ट्रॉली उन्हात बसक्या टायरवर सहा महिने उभी करू नका, आसाखाली दगड लावून चाकं उचलून ठेवा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकी-तिचाकी सोडून बाकी वाहनांच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर असावी असं आहे. एवढंसंच मागितलंय. तरी रात्री एखाद्या कारखान्याच्या यार्डात बॅटरी घेऊन चक्कर मारा आणि किती टायर यात बसतात ते मोजा.

आता मुद्द्याचं. हे सगळं ट्रॅक्टरवाल्याला कळत नाही असं समजू नका. त्याला सगळं कळतं. पण त्याला पैसे मिळतात टनावर. नंबरला दीड-दीड दिवस ट्रॉली उभी राहते, त्याचे पैसे नाहीत. मोकळं परत यायचं, त्याचे नाहीत. मग खेप एकच होणार असेल तर ती भरून-ओथंबून नेणं आलंच. डिझेल उधार मिळत नाही, ड्रायव्हरचा पगार थांबवता येत नाही, बँकेचा हप्ता तर नाहीच नाही. पुढं ढकलता येणारा खर्च एकच, टायर. डबल ट्रॉलीचे आठ टायर नवे घालायचे म्हणजे लाखाच्या वर जातं. म्हणून तो ढकलतो, मीही ढकलला. माझी चूक मी नाकारत नाही, पण दरवर्षी इतक्या जणांकडून तीच चूक होते तेव्हा ती एकट्याच्या स्वभावाची राहत नाही.

अपघात झाला की गुन्हा ड्रायव्हरवर. फार झालं तर मालकावर. कारखाना म्हणतो, वाहन आमचं नाही. अहो, वाहन तुमचं नसेल, पण करार तुमचा, उचल तुमची, काटा तुमचा. कुठल्या ट्रॉलीवर कुठल्या दिवशी किती टन भार होता, हे त्या काट्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नाही. पोलिसाला नाही, आरटीओला नाही. ती पावती छापून निघते आणि तरी कुणाला काही दिसत नाही!

म्हणून माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. एक, पुढच्या करारापासून कागदपत्रांबरोबर टायरही बघा आणि उचलीतला टायरपुरता हिस्सा थेट दुकानदाराला द्या. दहा-वीस गाड्यांची एकत्र खरेदी केली तर भावही कमी होईल. दोन, ट्रॉलीची मर्यादा ठरवा आणि तिच्या वरच्या टनाचं वाहतूक भाडं देऊ नका. ज्या दिवशी जादा टनाचे पैसे थांबतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी जादा मोळी चढायची थांबेल. पण मग नंबरला थांबल्याचे पैसेही द्या, नाहीतर हा नुसता दंड होईल. तीन, यार्डात हवा भरायची, पंक्चर काढायची सोय रात्रभर सुरू ठेवा आणि मागं रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली गेटातून बाहेर सोडू नका.

काही शेतकरी मित्र म्हणतील, "तपासण्या लावल्या तर आमचा ऊस फडात वाळंल." भीती खरी आहे. म्हणूनच तपासणी आत्ता हवी, हंगामाआधी. जानेवारीत रस्त्यात अडवून काही साधत नाही. आणि एक विसरू नका, तोडणी-वाहतुकीचा खर्च तुमच्याच बिलातून कापला जातो. पैसे तुमचे जातात, तर ट्रॉली कशी असावी हे विचारायचा हक्कही तुमचाच आहे. वार्षिक सभेत साखरेच्या उताऱ्यावर तासभर भांडता, पाच मिनिटं टायरवर बोला.

मी यंदा मागच्या ट्रॉलीला चारही टायर नवे घातलेत. पुढच्या ट्रॉलीला दोन नवे, दोन तपासून घेतलेले रिमोल्ड. एवढंच झेपलं. खेपेला टनभर ऊस कमी भरायचा असं ड्रायव्हरला सांगितलंय, त्यात महिन्याला किती तोटा येतो तेही हंगाम संपल्यावर इथंच लिहीन, लपवणार नाही.

ते पोरगं परवा बाजारात भेटलं. अजून थोडं लंगडतंय. मला बघून हसलं आणि म्हणालं, "काका, टायर बदलले का?"

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, पण आधी आपापल्या ट्रॉलीखाली वाकून बघून या.