फिट कुणाच्या वाट्याची?

मिरजेला पेशंट घेऊन यायची रीत जुनी. वॉन्लेस डॉक्टरांचं हॉस्पिटल 1894 चं, सरकारी मेडिकल कॉलेज 1962 चं. कराडलाही कृष्णा हॉस्पिटल आहेच. जतची किंवा पाटणची सासू सुनेला घेऊन येते आणि एवढंच सांगते, "हिला फिट येते." ही फिट मेंदूविकारवाल्यांची की मानसोपचारवाल्यांची, हे तिनं का ठरवावं? आपल्या परीक्षांनी मात्र केव्हाच वाटणी करून टाकली आहे. नीट-पीजीचे 200 प्रश्न सोडवून एक जण मानसोपचारात एमडी करतो. न्यूरोलॉजीला जायचं तर आधी मेडिसिन किंवा बालरोगातलं एमडी, मग डीएमची आणखी 3 वर्षं. अमेरिकेत मात्र या दोन्ही विषयांच्या परीक्षा 1934 पासून एकच मंडळ घेतं. वाचून वाचून गाईड झिजलेल्या मुलांनाही खाटेपाशी घाम फुटतो तो ही फिट कोणती हे ओळखतानाच. झटक्यात डोळे उघडे होते की घट्ट मिटलेले? जीभ कडेला चावली गेली का? नंतर किती वेळ भान नव्हतं? यातली एकच खूण धरून निदान करता येत नाही. शिवाय खरा अपस्मार आणि मनाच्या ताणातून येणारे झटके एकाच बाईला असू शकतात. म्हणून मानसोपचार शिकणाऱ्यांनी न्यूरोलॉजीची पोस्टिंग सुट्टीसारखी उरकू नये, न्यूरोलॉजीवाल्यांनीही "काही नाही, टेन्शन आहे" म्हणून हात झटकू नयेत. नातेवाइकांना झटक्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. निदानाला त्याची फार मदत होते.