हत्ती का हलवलास?

तालुक्याच्या गावातल्या एका मंगल कार्यालयात शालेय बुद्धिबळ स्पर्धा चालू होती. दुसरी फेरी संपवून नऊ-दहा वर्षांची एक मुलगी बाहेर आली. हातात चाली लिहिलेला कागद, डोळे भरलेले. वडिलांनी कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि निकाल देऊन टाकला, "उद्यापासून हे ओपनिंग बंद. आपल्याला लाभत नाही." भाड्याची खोली लाभली नाही म्हणून सोडावी, तसं. डाव नेमका कुठे बिघडला, हे दोघांपैकी कोणीच पाहिलं नाही.

नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकली, तेव्हा ती 19 वर्षांची होती. तिच्या वयातून आपल्या लेकराचं वय वजा करणारे आईबाप हल्ली स्पर्धांच्या दारात हमखास भेटतात. त्या वजाबाकीत हरायला सवड नसते. हरलो, तर काहीतरी टाकून द्यायचं आणि नवीन घ्यायचं. ओपनिंग बदला, क्लास बदला, शिक्षक बदला. हार आणि चूक या दोन गोष्टींची आपण सरसकट गल्लत करतो. ती किती महागात पडू शकते, हे सांगणारा एक डाव कलकत्त्याला 1855 च्या मे महिन्यात खेळला गेला होता.

पांढऱ्या मोहऱ्यांमागे होते जॉन कॉक्रेन. जन्म 1798 चा, मूळचे स्कॉटिश, कलकत्त्यात नावाजलेले बॅरिस्टर. लंडनमध्ये हॉवर्ड स्टॉन्टन यांच्याशी त्यांनी शेकडो डाव खेळले होते. काळ्या बाजूला होते महेशचंद्र बॅनर्जी. मुफसलात एक ब्राह्मण आहे, त्याला आजवर कोणी हरवलेलं नाही, अशी त्यांची ख्याती होती. 1848 मध्ये कॉक्रेन यांनी त्यांना हुडकून काढलं. पुढची बारा वर्षं दोघे खेळत राहिले, आणि त्यातले कितीतरी डाव लिहून ठेवल्यामुळे आजही उपलब्ध आहेत.

महेशचंद्र देशी पद्धतीवर वाढलेले. आपल्याकडेही आजोबा-पणजोबांच्या पिढीत अनेकांना हीच पद्धत ठाऊक होती: प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं आणि आजच्यासारखा किल्लेकोट नव्हता. 1814 मध्ये मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्रींचं बुद्धिबळाचं पुस्तक निघालं, मूळ संस्कृतावरून इंग्रजीत केलेलं. ते युरोपीय पद्धतीशी जुळवून घेतल्याचं त्याच्या नावातच नमूद होतं. म्हणजे देशी खेळाडूंना नव्या नियमांशी जमवून घेणं तेव्हापासूनच भाग पडू लागलं होतं. महेशचंद्रांना ते प्रत्यक्ष पटावर, हरत हरत करावं लागलं.

1855 च्या त्या डावातल्या पहिल्या काही चाली पाहा. वजिराच्या प्याद्याला त्यांनी घोडा बाहेर काढून उत्तर दिलं. दुसऱ्या चालीला जी-प्यादं एकच घर पुढे, ही जुन्या खेळाची सवय. तिसऱ्या चालीला डी-प्यादं दोन घरं, ही नव्या नियमाची मुभा. मग उंट जी7 वर, कोपऱ्यातून अख्ख्या तिरप्या पट्टीवर नजर ठेवून. पाचव्या चालीला किल्लेकोट. पांढऱ्याला मध्यभागी प्यादी उभी करू दिली आणि आठव्या चालीपासून सी-प्याद्याने त्या भिंतीला खणायला सुरुवात केली. मध्य प्याद्यांनी व्यापावा, हा तेव्हाच्या युरोपचा धडा. इथे जुन्या-नव्याच्या सांध्यावर उभा असलेला माणूस वेगळंच काही खेळत होता.

आणि तो हरला. अठरा चालींत.

कसा हरला, हे जवळून पाहण्यासारखं आहे. चौदाव्या चालीला काळ्याने एफ8 वरचा हत्ती ई8 वर नेला. चाल अगदी साधी, कोणीही खेळेल अशी. पण तिच्यामुळे एफ7 वरचं प्यादं एकट्या राजाच्या भरवशावर उरलं, आणि पांढऱ्याचा वजीर बी3 वरून नेमका त्याच तिरप्या पट्टीवर डोळा लावून बसला होता. सतराव्या चालीला पांढऱ्याचा घोडा जी5 वर आला. काळ्याच्या उंटाने ई2 वरचा उंट मारला. मोह पडावा अशीच जागा ती: तिथून एकाच वेळी पांढऱ्याचे दोन्ही हत्ती माऱ्यात येत होते. तेवढ्यात घोड्याने एफ7 चं प्यादं उचललं. काळ्याने आपला घोडा ए5 वर नेऊन वजिराला डिवचलं, आणि डाव तिथेच संपला. पांढऱ्याचा घोडा एच6 वर गेला की दुहेरी शह. राजा कोपऱ्यात पळाला, तर वजीर जी8 वर स्वतःला झोकून देतो. त्याला हत्तीनेच मारावं लागतं, आणि घोडा परत एफ7 वर येऊन मात करतो. एफ7 ची राखण सोडून गेलेला तो हत्तीच शेवटी जी8 वर येऊन आपल्या राजाची वाट बुजवतो.

एफ7 हे घर महेशचंद्रांना अनोळखी नव्हतं. 1848 मध्ये याच कॉक्रेन यांनी त्यांच्याविरुद्ध चौथ्याच चालीला याच घरावर घोडा बळी दिला होता. त्या युक्तीला आजही कॉक्रेन गॅम्बिट म्हणतात. सात वर्षांनी घोडा पुन्हा तिथेच येऊन बसला. चूक होती ती इथे, चौदा ते अठरा या चालींच्या दरम्यान. पहिल्या आठ चालींचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

पण हरलेल्या डावातून सुरुवात उचलण्याची रीत कोणाचीच नाही. निकालाच्या रकान्यात शून्य दिसलं की वाचणारा पान उलटतो. मध्ये 67 वर्षं गेली. 1922 मध्ये व्हिएन्नाचे एर्न्स्ट ग्रुनफेल्ड हीच मांडणी घेऊन मोठ्या स्पर्धांत उतरले आणि त्याच वर्षी त्यांनी अलेखिन यांना तिच्या बळावर हरवलं. आज तिला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात. 1855 चा डाव हा तिचा सर्वांत जुना ज्ञात दाखला. पुढे कास्पारोव्ह यांनी कार्पोव्ह यांच्याविरुद्ध विश्वविजेतेपदाच्या लढतींत ती वापरली.

या गोष्टीला एक विलक्षण शेपूट आहे. ऑक्टोबर 1956, न्यूयॉर्क. डोनाल्ड बर्न यांच्यासमोर काळी मोहरी घेऊन 13 वर्षांचा बॉबी फिशर बसला होता. सुरुवात फिरून फिरून ग्रुनफेल्डवरच आली. सोळाव्या चालीला फिशरनेही हत्ती एफ8 वरून ई8 वर नेला, पण राजाला शह देत. सतराव्या चालीला त्याचाही उंट जी4 वरून निघाला. तो ई6 वर गेला आणि वजीर उघड्यावर सोडून दिला. पांढऱ्याने तो उंट मारला असता, तर घोड्याचे दुहेरी शह, वजिराचा बळी आणि स्वतःच्याच हत्तीने कोंडलेल्या राजाला घोड्याची मात, हे सगळं जसंच्या तसं तयार होतं. कलकत्त्याला काळ्यावर उलटलेलं हत्यार न्यूयॉर्कला काळ्याच्या हातात होतं. फिशरने तो जुना डाव पाहिला होता की नाही, याने फरक पडत नाही. सुरुवात तीच, हत्तीची घरं तीच. हत्ती कधी हलवला आणि कशासाठी हलवला, एवढाच काय तो फरक.

महेशचंद्रांनी मात्र पान उलटलं नव्हतं. जी7 वरचा उंट त्यांनी सोडला नाही. कॉक्रेन यांच्याविरुद्धच्याच एका डावात याच उंटाची मांडणी करून, वजीर देऊन त्यांनी झकास विजय मिळवला. आज 'इंडियन डिफेन्स' म्हणून जे बचाव जगभर खेळले जातात, त्या नावामागे अशाच देशी खेळाडूंची सवय उभी आहे. पहिल्या हारीनंतर ती सवय लाभत नाही म्हणून टाकली असती, तर?

हल्ली डाव संपला की मोबाइलवरचं इंजिन क्षणात लाल खूण करून देतं, ही चाल चुकली. ते खरंच असतं. पण लाल खूण बहुधा अठराव्या चालीवर पडते, तिची मुळं चौदाव्या चालीत असतात, आणि तिथे खेळणाऱ्याच्या मनात काय चाललं होतं हे इंजिनाला विचारून कळत नाही. ते ज्याने चाल खेळली त्यालाच ठाऊक. म्हणून मोबाइल उघडण्याआधी पट मांडायचा, कागद समोर ठेवायचा आणि उलट्या क्रमाने मागे जायचं: मात बसली कुठे, ते घर राखत कोण होतं, तो तिथून गेला कधी.

त्या मंगल कार्यालयात वडिलांनी मुलीच्या हातातला कागद घडी घालून खिशात टाकला. त्याऐवजी तो पायरीवर पसरून त्यांनी एवढंच विचारायला हवं होतं, "हा हत्ती इथून का हलवलास गं?"