आवळलेला बंध आणि मांसधातूचे रक्षण

भातलावणीपासून कापणीपर्यंतचा काळ हा आपल्या रायगड जिल्ह्यात सर्पदंशाचाही काळ असतो. अष्टमी आणि रोहा यांच्यामधून वाहणाऱ्या कुंडलिकेच्या परिसरातील खाचरांत, बांधांवर आणि पेंढ्याच्या उडव्यांत नाग, मण्यार, घोणस अथवा फुरसे यांच्याशी शेतकऱ्याची केव्हाही गाठ पडू शकते. दंश झाला की घरची मंडळी हाती लागेल ती सुतळी, काथ्या वा फडके घेऊन अवयव करकचून बांधतात आणि मग वाहन शोधावयास निघतात. असा रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याच दवाखान्याच्या किंवा औषधालयाच्या पायरीशी येतो. त्या वेळी काय करावे, याविषयी व्यवसायबंधूंत एकवाक्यता असणे अगत्याचे आहे. माझे मत असे की, सर्पदंशात आवळबंध बांधू नये, बांधावयास सांगू नये आणि बांधून आलेला बंध पूर्वतयारीवाचून एकदम सोडू नये.

रक्तप्रवाह रोखला की मांसपेशीचा प्राणवायू तुटतो व तिच्यातील ऊर्जेचा साठा ओसरू लागतो. शस्त्रक्रियेत योग्य दाबाचा पट्टा वापरूनही शल्यचिकित्सक साधारणतः दोन तासांची मर्यादा पाळतात. चार ते सहा तास प्रवाह पूर्ण बंद राहिल्यास मांसाची हानी बहुधा भरून न येणारी ठरते. खरा धोका मात्र बंध सुटल्यावर प्रकट होतो. परत आलेल्या रक्तासोबत प्राणवायूचे विध्वंसक मुक्तमूलक निर्माण होतात, पेशींत कॅल्शियम शिरते, श्वेतपेशी सूक्ष्म वाहिन्या तुंबवितात आणि सूज वाढून आतला दाब पुन्हा प्रवाह अडवितो. मृत मांसातील पोटॅशियम हृदयाच्या गतीस, तर मायोग्लोबिन वृक्कांस बाधते. १९४१ साली लंडनमधील बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली दबलेले लोक सुटकेनंतर वृक्क निकामी होऊन दगावल्याचे बायवॉटर्स व बील यांनी नोंदविले, त्यामागील कारण हेच होय. घोणसीचे विष मुळातच वृक्कांस घातक असते. त्यात आपण बांधलेल्या बंधाची भर कशासाठी घालावी?

यावर आक्षेप येतो की, अरिष्टाबंधन शास्त्रोक्त आहे. ते आहेच. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात दंशाच्या चार अंगुळे वर बंध सांगितला आहे व चरकाचार्यांच्या चोवीस विषोपक्रमांतही त्यास स्थान आहे. परंतु सुश्रुतांनी त्यासाठी वस्त्र, चर्म, अंतर्साल अशी मृदू द्रव्ये सांगितली, सुतळी नव्हे. त्या बंधामागोमाग चूषण, छेदन, दाह, सिरावेध व अगदयोजना असा तातडीचा क्रम होता. बंध बांधून रुग्णास तासन् तास वाहनात बसविणे हा त्या क्रमाचा भाग नव्हता. प्रतिसर्पविष उपलब्ध नसलेल्या काळात प्राणासाठी अवयव पणास लावणे समजण्याजोगे होते. आज तशी वेळ नाही. शिवाय मंडली सर्पाच्या दंशात दाहकर्म करू नये, असे त्याच ग्रंथात बजावले आहे. अर्थात, दंश पाहून उपक्रम वर्ज्य करण्याचा विवेक आचार्यांनीच शिकविला. भग्नचिकित्सेत तर अतिगाढ बंधाने शोथ, वेदना व पाक होतो, असे स्पष्ट सांगितले आहे. बंधाचे गाढ, सम व शिथिल असे भेद मानणाऱ्या परंपरेने करकचून आवळलेल्या दोरीचे समर्थन करणे शोभत नाही.

मग करावे काय? रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये. दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने, अस्थिभंगाप्रमाणे, सैल पट्टीने स्थिर करावा. अंगठी, कडे, जोडवी काढावीत. छेद घेऊ नये, कारण घोणस व फुरसे यांच्या दंशात रक्त गोठत नाही. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात विनाविलंब पाठवावे. बंध बांधूनच रुग्ण आला असल्यास बंधाखालील नाडी तपासावी, बंध केव्हा बांधला ती वेळ लिहून द्यावी आणि रुग्णालयास दूरध्वनीने कळवावे. बंध एकाएकी सुटल्यास साचलेले विष एकदम शरीरात पसरून श्वास अडू शकतो वा रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून तो सोडण्याचे काम प्रतिसर्पविष व श्वसनाची साधने सिद्ध असलेल्या ठिकाणी, डॉक्टरांच्या उपस्थितीतच व्हावे.

औषधालय-मालकांस एक स्वतंत्र विनंती. पुनःप्रवाहाची हानी रोखण्यासाठी अनेक प्रतिऑक्सिडीकारक द्रव्यांवर प्रयोग झाले. प्राण्यांतील यश मानवी चिकित्सेत मात्र खात्रीने उतरलेले नाही. तेव्हा हळद, आवळा वा गुळवेल यांचा योग या प्रसंगी ‘मांसरक्षक’ म्हणून कोणी विकू नये. आवळपट्टी आणि पाते घातलेले सर्पदंश-संचही फळीवर ठेवू नयेत. मांसाचे रक्षण करणारे पहिले औषध म्हणजे वाचविलेला वेळ.

याच जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशात प्राझोसिनचा उपयोग दाखवून ग्रामीण चिकित्सकाचे निरीक्षण जगापुढे नेले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्र शासनाने २०२४ साली जाहीर केलेल्या कृती-आराखड्यात २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. त्यात आपला वाटा उचलावयाचा तर प्रत्येक सभासदाने मृगापूर्वी आपल्या दारी एक फलक लावावा : ‘साप चावल्यास दोरी बांधू नका, कापू नका, चालवू नका, अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठा.’ एवढ्या चार ओळींनी एखाद्या शेतकऱ्याचा पाय वाचला, तर तेही आपल्या शास्त्राची सेवाच ठरेल.