आधी मुलाखत, मग बारावी?



‘ख्रिस्ती कॉलेजात आपल्या पोरांना घेतच नाहीत’ असे ठणकावून सांगणारे पत्र गेल्या आठवड्यात या सदरात वाचले. पत्रलेखकांनी असला एखादा अर्ज स्वतः भरून पाहिला असता, तर धर्माच्या रकान्यापर्यंत पोहोचण्याआधीच ते थकले असते. 2025 च्या प्रवेशासाठी माझ्या भाचीचा अर्ज मीच भरला, म्हणून लिहितो.

ख्रिस्ती कॉलेजांसारख्या अनुदानित अल्पसंख्याक संस्थेला सगळ्या जागा आपल्याच समाजाला वाटता येत नाहीत. सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच निम्म्याची मर्यादा घातली होती. पुढे 2002 च्या टी. एम. ए. पै निकालाने हा ठरावीक आकडा काढला, पण अनुदान घेणाऱ्या संस्थेने इतरांनाही वाजवी प्रमाणात प्रवेश द्यावा, हे कायम ठेवले. मुंबईचे सेंट झेवियर्स 1869 पासून जेझुइट फादर चालवतात. तिथून शिकून निघालेल्यांची नावे वाचली तरी शंका फिटेल. नागपुरात सेमिनरी हिल्सला 1956 पासून सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॉलेज आहे. माझ्या ओळखीची आमच्या भागातली मुले तिथे शिकली. बाप्तिस्म्याचा दाखला त्यांना कोणी मागितला नाही.

तेव्हा धर्माचे रडगाणे पुरे. खरी अडचण तारखांची आहे आणि तिच्याविषयी कोणी ब्र काढत नाही.

राज्य मंडळाची बारावीची परीक्षा 2025 मध्ये 11 फेब्रुवारीला सुरू झाली, निकाल 5 मे रोजी लागला. भाचीने अर्ज केलेल्या संस्थेची (नाव घेत नाही, बाकीच्या खासगी संस्था काही वेगळ्या वागत नाहीत) प्रवेश परीक्षा आणि मुलाखत हे सारे निकालाच्या आधीच उरकले. पोरगी भौतिकशास्त्राचा पेपर देऊन घरी येते आणि रात्री ‘मला हाच अभ्यासक्रम का हवा’ यावर इंग्रजीतून निबंध लिहिते. मुलाखत ऑनलाइन देता येईल म्हणतात. त्यासाठी कॅमेरावाला लॅपटॉप हवा, तासभर न तुटणारे इंटरनेट हवे आणि मुलाखत संपेपर्यंत वीज जाणार नाही याची हमीही हवी. ती हमी आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या वरठीत कोण देणार? महानगरातल्या शाळांत यासाठी समुपदेशक असतात, अर्ज ऑक्टोबरपासूनच तयार होतात. आमच्या मोहाडी तालुक्यात अकरावी-बारावीच्या मास्तरांनाच या तारखा माहीत नसतात, मुलांना कोण सांगणार?

शिवाय पैसे. प्रत्येक संस्थेचा अर्ज वेगळा, शुल्क वेगळे आणि ते परत मिळत नाही. प्रवेश घेऊन मुदतीत रद्द केला तर शुल्क परत द्या, असे यूजीसी दरवर्षी बजावते. 2024-25 साठी पूर्ण परताव्याची मुदत 30 सप्टेंबर होती. पण ज्याला प्रवेशच मिळाला नाही, त्याच्या अर्जाच्या पैशांचे काय? जानेवारी-फेब्रुवारीत आमच्याकडे धानाचे चुकारे रखडलेले असतात. त्या दिवसांत तीन-चार अर्जांचे पैसे एकदम काढायचे म्हणजे उसनवारीच. त्यापेक्षा मुलेच म्हणतात, राहू द्या मामा, एकच भरू.

राज्य सरकारने 2025 मध्ये अकरावीचे प्रवेश प्रथमच राज्यभर ऑनलाइन केले. एक अर्ज, शंभर रुपये, दहा कॉलेजांचे पसंतीक्रम. संकेतस्थळ पहिल्याच दिवशी बसले हे खरे, पण पद्धत तरी एक आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी जे जमते, ते अठरा वर्षांच्या मुलासाठी का जमू नये?

पत्रलेखकांना भांडायचेच होते तर एक जागा होती. 2005 च्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांत आरक्षणाची वाट मोकळी केली, मात्र अल्पसंख्याक संस्था वगळल्या, आणि 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. म्हणजे आमच्या ओबीसी, अनुसूचित जातींच्या मुलांचा जातीचा दाखला आरक्षणासाठी मानण्याचे बंधन तिथे नाही. मुलींच्या मोफत उच्च शिक्षणाचा गाजावाजा झालेला 8 जुलै 2024 चा शासन निर्णयही असाच. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातील मुलींना तो लागू आहे. पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून बाहेर. अशाच, कॅथलिकांनी चालवलेल्या ख्राइस्ट अभिमत विद्यापीठाचा महाराष्ट्रातला परिसर लवासाला, मुळशीच्या डोंगरात. इथून पुणेच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, पुढे घाट, आणि फीमाफी नाही. लाडक्या बहिणींच्या सरकारला ही लेक दिसत नाही काय?

बाहेर नको, नागपूरलाच जा, असा सल्ला मिळतो. जाऊन बघा. आमच्या वरठीच्या स्टेशनाला नाव भंडारा रोड, आणि तिथून निघालेली लोकल मालगाड्यांना वाट देत कुठे थांबेल याचा नेम नाही. सकाळचा पहिला तास बुडतो आणि हजेरी पंचाहत्तर टक्के हवी. 

कॅथलिक संस्थांच्या चालकांकडे मागणे साधे आहे. खेड्यातल्या मुलांना शिकवणे हे मिशनऱ्यांचे जुने काम. त्यांनी प्रवेश परीक्षेचे एक केंद्र नागपूरला द्यावे, राज्य मंडळाच्या मुलांची मुलाखत निकालानंतर घ्यावी आणि उत्पन्नाचा दाखला जोडणाऱ्याला अर्जाचे शुल्क माफ करावे. उच्च शिक्षण विभागाने पुढच्या बारावीच्या परीक्षेआधी सर्व संस्थांच्या तारखा एकत्र छापून प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाच्या फलकावर लावाव्यात. एवढ्यासाठी ना घटनादुरुस्ती लागते, ना न्यायालयाचा निकाल.

— एक पालक, वरठी (ता. मोहाडी, जि. भंडारा)